मेहुण्याची मींड

नाट्यगृहात त्याचं खरं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. त्याला खुर्चीत नीट बसता येत नसे. उभा राहिला तर एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पुन्हा पहिल्यावर. बोलताना हाताला लागेल त्या डबीचं झाकण उघडमीट. म्हणून कुणीतरी कधीतरी त्याला चुळबुळे म्हटलं आणि ते आडनावासारखं चिकटलं. इतकं, की नव्या दिग्दर्शकबाईंनी पहिल्याच दिवशी "मिस्टर चुळबुळे" अशी अदबीनं हाक मारली, तेव्हा ढोलवाला हसू लपवायला बुटाची नाडी बांधण्यासाठी खाली वाकला. त्याच्या पायात चपला होत्या.

चुळबुळेचा बाप शिंपी. लहानपणी हा शिलाई मशीनच्या खाली बसून खेळायचा, आणि त्याच्या तोंडासमोर बापाचे पाय दिवसभर खालीवर होत असायचे. ते थांबले की वर काहीतरी बिघडलेलं असे: सुई मोडली, नाहीतर कापड चुकीचं कापलं गेलं, नाहीतर गिऱ्हाईक भांडायला उभं राहिलं. पाय थांबला म्हणजे वाईट बातमी, हे त्याला बोलता येण्याआधीच कळलं होतं. पुढे बाप गेला, मशीन गेलं, पण ते हलणं याच्या पायात राहिलं. बायको म्हणायची, "तू झोपेतसुद्धा शिवतोस."

तरुणपणी तो वाद्यांच्या एका दुकानात कामाला लागला. गिऱ्हाइकासमोर की-बोर्ड वाजवून दाखवायचा. दोन ओळी बासरीच्या आवाजात, दोन ओळी घंटेच्या, पुढचं बटण, पुढचा आवाज. एकही चाल शेवटाला न्यायची नाही, कारण तोवर गिऱ्हाईक दाराकडे वळलेलं असतं. हे काम त्याच्या अंगाला असं बसलं, जसं काही त्याच्याच मापानं बेतलं होतं. तिथे एक व्हायोलिनवादक तारा घ्यायला आला. बराच वेळ हात मागे बांधून ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "एखादी तरी पुरी कर ना रे बाबा. मघापासून जेवायला बसवतोस आणि ताट उचलून नेतोस."

त्यानेच चुळबुळेला नाट्यगृहात सिंथ, म्हणजे हरतऱ्हेचे आवाज काढणारा की-बोर्ड, वाजवायला आणलं. त्याच्याच घरी सरावाला जाता जाता त्याच्या धाकट्या बहिणीशी याचं जमलं. व्हायोलिनवाला तेव्हापासून सगळ्यांना सांगत असे, "तारा घ्यायला गेलो आणि जावई घेऊन आलो." चुळबुळे त्याला बायकोसारखंच दादा म्हणायचा.

रंगमंचासमोर खाली वादकांची जागा होती, तिला सगळे खड्डाच म्हणत. तिथे दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी. मेहुणा एकदा बसला की बसला. मानेवर माशी बसली तरी हलायचा नाही. व्हायोलिन हनुवटीखाली धरून तो अशा रीतीने वाट बघायचा, जणू वाट बघणं हेच मुख्य काम आहे आणि वाजवणं हे मधूनमधून करायचं असतं. शेजारी चुळबुळेचा पाय चालू. "जावईबापू," मेहुणा ओठ न हलवता म्हणायचा, "गाडी स्टेशनात आली, आता ब्रेक लावा."

त्या वर्षी जे नाटक चाललं होतं, त्याच्या तिसऱ्या अंकात एक प्रसंग होता. आई खिडकीपाशी उभी आहे. मुलगा येणार नाही, हे प्रेक्षकांना कळलंय, तिला कळायचंय. एक शब्द नाही. फक्त व्हायोलिनचा एक सूर खालच्या अंगाला सुरू होऊन, कुठेही न तुटता, सरकत सरकत वर जातो. तो पोचला की ती वळते, आणि तिच्या तोंडावरून समजतं की तिला कळलं. लोक त्या एका मींडेसाठी नाटक पुन्हा बघायला यायचे. वर्तमानपत्रात नटीचं कौतुक छापून यायचं, मेहुणा कात्रण वाचून म्हणायचा, "छान वळली असं लिहिलंय. वळवली कुणी?"

मग त्याच्या डाव्या हाताचं एक बोट अडकायला लागलं. वाकवलं की वाकलेलंच राहायचं आणि मग खटकन सुटायचं. डॉक्टरांनी पट्टी दिली, व्यायाम दिले, एक सुई दिली. द्रुत वाजवताना तो ते बोट टाळून निभावून न्यायचा, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पण मींडेत लपायला जागा नसते. एका प्रयोगात सूर अर्ध्या वाटेवर अडला, खटकन उडाला, पुढे जाऊन पडला. नटी दचकून आधीच वळली. कुणी हसलं नाही, हेच वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकबाईंनी चुळबुळेला एकट्याला बाजूला घेतलं.

"तुमच्या सिंथवर ते सरकणं होतं का हो?"

"होईल," चुळबुळे म्हणाला.

बाईंचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

"मग करून ठेवा. आठवड्याभरात. नाही जमलं तर रेकॉर्ड केलेलं लावू. खड्डा तसाही अरुंद पडतोय, एक खुर्ची निघाली तर बरंच आहे."

एक खुर्ची. ती कुणाची, हे त्याच्या डोक्यात जिना उतरताना शिरलं.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायची. समोरच्याकडे बघायची तीही नंबर काढत असल्यासारखी.

"तू काय म्हणालास?"

"होईल म्हणालो."

"विचार करून?"

"अगं, तोंडातून निघून गेलं."

"तुझ्या तोंडाला उंबरठाच नाही. आणि दादाला?"

"अजून नाही सांगितलं."

"वा. म्हणजे त्याची खुर्ची तू काढणार, आणि ते त्याला बसायला गेल्यावर कळणार."

"मी नाही केलं तर रेकॉर्ड लावतील. मग तरी त्याची खुर्ची राहते का?"

"नाही राहत," ती म्हणाली. "पण ती तू काढलेली नसते."

तो उठून नळ बंद आहे का बघून आला. बंदच होता.

दुपारी नाट्यगृह रिकामं असे. खुर्च्यांवर कापडं, वर एकच दिवा, कुठेतरी झाडूचा आवाज. चुळबुळे एकटा खड्ड्यात जाऊन यंत्र उघडायचा. यंत्रात ग्लाइड म्हणून एक सोय होती. ती चालू केली की सूर एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारत नाही, मधल्या सगळ्या जागांना अंग घासत जातो. किती सावकाश जायचं, ते एक नॉब फिरवून ठरतं. एका वेळी एकच सूर निघेल असं यंत्राला सांगून ठेवायचं. मग पहिली पट्टी दाबून धरलेली असताना दुसरी दाबली की पहिला सूर मरत नाही, तोच उठून चालायला लागतो. इथवर सोपं होतं.

खरी गंमत जोडण्यांत होती. कुठली हालचाल कशाला जोडायची, हे यंत्र माणसावर सोडतं. त्याने डावीकडचं चाक सुराच्या थरथरीला जोडलं. दाबलेली पट्टी आणखी रेटली की आवाज उजळेल, अशी व्यवस्था केली. मग मोडली. थरथर पट्टीला दिली, उजळणं चाकाला. पुन्हा उलट. पायाखालचं पेडल एरवी आवाज लहानमोठा करायचं; ते त्याने तिथून काढून ग्लाइडच्या वेगाला जोडलं, म्हणजे सूर वाटेत असतानाच त्याला थोपवता किंवा हाकता येईल. प्रत्येक जोडणी पहिल्यांदा ऐकताना हीच ती, असं वाटायचं. तिसऱ्यांदा ऐकताना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. सूर वर जात होता. नुसता वर जात होता. मेहुण्याच्या व्हायोलिनमध्ये मधली प्रत्येक जागा दुखायची. इथे त्या सगळ्या जागा धुऊन पुसून ठेवल्यासारख्या होत्या. बरं, थांबून नीट ऐकावं तर थांबवतंय कोण? हात पुढच्या बटणाकडे गेलेला असायचा.

अशा एका दुपारी, घाईघाईत, त्याने ही सगळी जुळवाजुळव यंत्रात साठवली आणि साठवताना चुकीचा क्रमांक दाबला. तो क्रमांक पहिल्या अंकातल्या लष्करी कूचचा होता.

संध्याकाळी पडदा वर गेला. सैनिक पाय आपटत आले. चुळबुळेने तुतारीच्या आवाजासाठी नेहमीचा क्रमांक लावला, आणि त्याच्या बोटांखालून जे निघालं ते दारू प्यायलेल्या मांजरांच्या मिरवणुकीसारखं होतं. एकेक सूर दुसऱ्याच्या गळ्यात पडत, लोंबत, घसरत निघाला. त्यात पाय सवयीने पेडलवर ताल धरून, त्यामुळे घसरणंही एका वेगाचं नाही. पुढच्या रांगेतली माणसं फुटली. एका सैनिकाची बंदूक हसू दाबताना खाली पडली. चुळबुळेने धडपडून आवाज बदलला, कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या.

ढोलवाला डोळे पुसत पुटपुटला, "सैन्याला कुणी पाजली रे?"

मेहुणा हसला नाही. त्याने व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि मान वळवून आधी यंत्राकडे, मग चुळबुळेच्या पायाखालच्या पेडलकडे, मग चुळबुळेच्या तोंडाकडे पाहिलं. अख्ख्या नाट्यगृहात ती गंमत होती. यंत्राला कुणाची मींड शिकवली जातेय, हे कळण्याइतका कान एकाच माणसाला होता.

तिसऱ्या अंकात मेहुण्याने मींड स्वतःच घेतली. दुखऱ्या बोटाशेजारच्या बोटाने, कशीबशी. सूर तुटला नाही, पण लंगडत वर गेला. दिवे लागल्यावर त्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटीच्या कड्या लावल्या आणि विचारलं, "उद्या दुपारी इथे किती वाजता येतोस?"

"दादा, मी सांगणारच होतो..."

"वेळ विचारली मी."

दुसऱ्या दिवशी तो चुळबुळेच्या आधी येऊन बसला होता. स्वतःच्या खुर्चीवर, रिकाम्या हातांनी. व्हायोलिन आणलंच नव्हतं.

"वाजव," म्हणाला.

चुळबुळेने पहिली पट्टी दाबली, मग दुसरी. सूर वर गेला.

"हा जिना चढतोय. मी कधी जिना चढायचो?"

पुन्हा. पेडल दाबून, जरा सावकाश.

"आता म्हातारा जिना चढतोय."

"मग काय करू, दादा? वेग तर कमी केला."

"वेगाचा प्रश्नच नाही. तिला जायचंच नाहीये वर. वर काय आहे ते तिला ठाऊक आहे. निघताना पाय ओढत निघते. मध्ये जरा धीर येतो, बरी चालते. आणि पोचायच्या तोंडाशी परत..." त्याने डावा हात हवेत सरकवला आणि वरच्या टोकाशी आणून जवळजवळ थांबवला. अडकणारं बोट एकटंच वाकडं राहिलं होतं. "इथे. इथे लोकांना वाटलं पाहिजे, नाहीच जात ती."

चुळबुळेला शब्दन् शब्द कळला. त्याने पेडल दाबलं, सोडलं, अर्धं दाबलं. सूर निघताना ओढला गेला, अगदी हवा तसा; मग पायाला आपला ताल आठवला. सूर मध्येच धावला, मध्येच अडखळला. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. पाय दाबून धरला तर गुडघा थरथरायला लागला आणि ती थरथर थेट सुरात उतरली.

"तुझ्या पायात तुझा बाप बसलाय," मेहुणा म्हणाला. "बिचाऱ्याला उठव आता, कपडे शिवून झाले."

चुळबुळे हसला नाही. "नाही जमणार, दादा. मी बाईंना सांगतो नाही जमत म्हणून. रेकॉर्ड लावू म्हणाल्यात, लावू देत."

"म्हणजे मी गेलो तो गेलोच, वर ती मींडही डब्यात."

"मग काय करू मी?"

मेहुणा खाली वाकला, चुळबुळेच्या पायाखालून पेडल ओढलं, तार पुरते का बघितली, आणि ते मांडीवर आडवं घेऊन त्यावर डावा तळहात ठेवला. अडकतं ते बोट होतं. तळहाताला काही झालं नव्हतं.

"दाब पट्टी."

"दादा, ते पायाचं..."

"दाब म्हणतो ना!"

चुळबुळेने खालची पट्टी दाबली, मग वरची. सूर निघाला. निघाला म्हणजे काय, उठायलाच तयार नव्हता. मग उठला. चुळबुळेचं बोट वरच्या पट्टीवर दाबलेलं, आणि आवाज अजून कुठेतरी खाली, दुसऱ्याच माणसाच्या हाताखाली. पट्टी दाबल्यावर पुढे काय होणार ते माहीत नाही, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

"हेच!" मागच्या काळोखातून दिग्दर्शकबाईंचा आवाज आला. त्या केव्हा येऊन बसल्या होत्या कुणास ठाऊक. खड्ड्याच्या कठड्यापाशी येऊन त्यांनी आत वाकून पाहिलं. एकजण यंत्रापाशी, दुसऱ्याच्या मांडीवर पायाचं पेडल.

"हे काय? एका सुराला दोन माणसं?"

"दोन," मेहुणा म्हणाला.

"आणि खुर्ची?"

"माणूस आहे म्हटल्यावर बूड टेकायला काहीतरी लागेल."

बाईंनी हसू गिळलं. "आज प्रयोगात करून दाखवा. बिघडलं तर उद्यापासून रेकॉर्ड, दोघांनीही मग वाद घालायचा नाही."

त्या संध्याकाळी पहिला अंक गेला, दुसरा गेला. कूच शुद्धीवर होती. चुळबुळेने मध्यंतरात जोडण्या तपासल्या, पुन्हा तपासल्या, तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा मेहुण्याने मनगटावर चापट मारली.

तिसरा अंक. आई खिडकीपाशी गेली. चुळबुळेने खालची पट्टी दाबली. सूर उभा राहिला. मग वरची.

आता त्याच्याकडे करायला काहीही उरलं नव्हतं. फक्त बोट उचलायचं नाही. उचललं तर सूर मरेल. दुपारी सूर जेवढ्या वेळात अर्ध्यावर आला होता, तेवढा वेळ गेला आणि तो अजून पायथ्याशीच होता. चुळबुळेने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. मेहुण्याचा तळहात पेडलवर, डोळे रंगमंचावर, चेहरा दगड. विसरला काय? की मुद्दाम? माझ्यावरचा राग आत्ता काढतोय? सूर मध्यावर आला, बरा चालला, आणि वरच्या टोकाशी येऊन पुन्हा जड झाला. केसभर खाली. तिथेच. सभागृहात कुणी खोकलंही नाही. वर नटी वळण्यासाठी सुराची वाट बघत होती, सूर येत नव्हता, आणि तिला वळता येत नव्हतं. तिने असं कधी केलं नव्हतं, पण तिने कपाळ खिडकीच्या काचेला टेकलं.

ग्लाइडचं बटण चुळबुळेच्या डाव्या हाताशी होतं. एकदा दाबलं की ग्लाइड बंद, सूर उडी मारून जागेवर बसेल. प्रयोग वाचेल. सगळं नीट, वेळेवर, शुद्ध. त्याचा हात गेला. बोट बटणावर टेकलं. गार प्लास्टिक, मध्ये बारीकसा खळगा. हे वाचवणं होतं की उरकणं? बटणावरच्या बोटाला ते ठरवता येत नव्हतं, आणि पट्टीवरचं बोट दुखायला लागलं होतं.

त्याने बटण दाबलं नाही. हात काढूनही घेतला नाही.

मग सूर पोचला. केव्हा पोचला ते त्याला सांगता आलं नसतं. खाली होता, आणि मग खाली नव्हता. आई वळली. चुळबुळेने बोट उचललं.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकबाई कठड्याशी आल्या. काही बोलायचं होतं बहुतेक, पण डोळे लाल होते, म्हणून व्यवस्थापकाला नुसतं "खड्ड्यातल्या खुर्च्या तशाच राहू द्या" म्हणून वळल्या. ढोलवाल्याने चुळबुळेच्या पाठीत एक धपका घातला आणि तो निघून गेला.

मेहुण्याने पेडल मांडीवरून काढून खाली ठेवलं, तळहात उलटसुलट करून पाहिला.

"बटणापर्यंत गेला होतास."

"गेलो होतो."

"दिसलं मला."

"मग थांबलात कशाला इतके? जीव गेला असता माझा."

"ती तयार नव्हती," मेहुणा म्हणाला. खिडकीतली बाई, की नटी, की आणखी कुणी, हे त्याने सांगितलं नाही. मग तो उठून कोट घालायला लागला. एका बाहीत ते बोट अडकलं. चुळबुळेने पुढे होऊन बाही धरली.

"उद्या," बाहीतून हात काढता काढता मेहुणा म्हणाला, "आणखी लांबवीन."

"किती?"

"ते तुला आत्ताच सांगू?"

चुळबुळे यंत्राच्या तारा गुंडाळायला बसला. एक गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. उद्याच्या संध्याकाळपर्यंतचा सगळा वेळ त्याला समोर दिसत होता, आणि त्यात पाऊल टाकायला ठाम जागा कुठेच नव्हती.